लाइट गेली तरी गाता येईल असं गाणं



हा भाग केदारखेड्यात रेकॉर्ड केलाय. तालुका भोकरदन, जिल्हा जालना, माझं गाव. मधे ट्रॅक्टर ऐकू आला तर ते बॅकग्राउंड म्युझिक समजा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी बोललो तसं लिहून टाकलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' थोडे कमी केलेत.

नवीन आलेल्यांना सांगतो. मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि रविवारी आमच्या मंडळीत उपासनेची गाणी चालवतो. हल्ली याला वर्शिप लीडर म्हणतात. माझी आजी म्हणायची, 'गाणं सांगणारा'. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं. मला तिचा शब्द जास्त नेमका वाटतो.

तर मला सगळ्यात जास्त मेसेज येतात ते सामानाबद्दल. कीबोर्ड कुठला घेऊ, गिटारला कुठले पेडल, प्रोजेक्टरवर शब्द दाखवायला कुठलं सॉफ्टवेअर बरं. मी उत्तरं देतो, मलाही वायरींचा शौक आहे. पण आज म्हटलं, सामान घ्यायच्या आधी एक टेस्ट सांगावी. फुकटातली आहे.

पुढच्या रविवारी एका गाण्याच्या मधोमध सगळं बंद करा. प्रोजेक्टर, कीबोर्ड, ड्रम, तुमचा स्वतःचा माइक. पाळकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते एमसीबी बघायला धावतील. आणि मग नुसतं ऐका. मंडळी किती कडव्यांपर्यंत जाते?

आमच्याकडे ही टेस्ट आपोआप झाली. जूनमधला रविवार, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. चालू होतं ते गाणं त्या वर्षीचं एकदम हिट, पोरांच्या रिंगटोनला असलेलं. दुसऱ्या ओळीला ते थांबलं. थांबलं म्हणजे कसं, पंखा बंद झाल्यावर आधी हळू फिरतो आणि मग थांबतो ना, तसं. दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघतायत. मग तिसऱ्या बाकावरच्या एका निवृत्त शिक्षिकेनं नारायण वामन टिळकांचा एक अभंग धरला आणि अख्खं सभागृह शेवटच्या कडव्यापर्यंत गेलं. अंधारात, पुस्तक न उघडता.

आता यावरून 'जुनं ते सोनं' असं काही मला म्हणायचं नाहीये. थांबा जरा. मला एवढंच म्हणायचंय की एक गाणं लोकांच्या तोंडात होतं आणि दुसरं भिंतीवर होतं. भिंतीवरचं लाइटीबरोबर गेलं.

पवित्र शास्त्रात बघा. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गाणं म्हणून जैतुनांच्या डोंगराकडे निघतात, मार्कच्या १४व्या अध्यायात आहे. वल्हांडणाच्या रात्री यहुदी लोक ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणत आलेत, ती त्यांना लहानपणापासून पाठ असतात. प्रेषितांच्या कृत्यांत, १६व्या अध्यायात, पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात आहेत. फटके खाल्लेले, पाय खोड्यात, मध्यरात्र. ते गातात आणि बाकीचे कैदी ऐकतात. तिथं त्यांना कोण शब्द दाखवणार होतं? आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी जी आरोळी आली, ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या वेळी माणसाच्या तोंडी तेच येतं जे आत खोल गेलेलं असतं. मी रविवारची गाणी निवडायला बसतो तेव्हा हा विचार मला थोडा घाबरवतो. आपण लोकांच्या तोंडात काय भरतोय? आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर रात्री दोन वाजता यातलं काय वर येईल?

आजीची गोष्ट सांगतो. तिला वाचता येत नव्हतं. शंभराच्या वर गाणी तिला पाठ होती. मी लहानपणी पुस्तक घेऊन बसलो की म्हणायची, "काऊन रे, गाण्याला कागद कशाला लागतो?" ती गेली तेव्हा पावसाळा होता. कबरीपाशी चिखल, छत्र्या, मोबाइलला रेंज नाही. प्रार्थना झाली आणि मग ती शांतता आली, जी माती लोटायच्या आधी येते. काकूंनी गाणं उचललं. आजीचंच, अभंगाच्या चालीतलं. बायका गायल्या. आमच्या वयाची पोरं पहिल्या दोन ओळी गायली आणि मग ओठ हलवत राहिली. आणि गंमत बघा, आमच्या शेजारचे एक आजोबा, वारकरी, माळकरी माणूस, मातीला आलेले, त्यांनी छत्री काखेत धरून टाळी सुरू केली. भजनी ठेका. आठ मात्रांचा, त्यांच्या हाताला जन्माचा ओळखीचा. दुसऱ्या कडव्यापासून ते धृपदही झेलायला लागले. गाणं ख्रिस्ताचं, कबर ख्रिस्ती बाईची, आणि ते आजोबा आमच्या चुलतभावांपेक्षा जास्त गायले.

हे का झालं? कारण त्या गाण्याचा सांगाडा त्यांचाच होता. मोठा अभंग असतो ना, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. तो साचा पाठ होण्यासाठीच घडलेला आहे. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर त्याच्यात एरर करेक्शन आहे. एक शब्द विसरलात तरी यमक आणि अक्षरसंख्या मिळून तुम्हाला तो शोधून देतात.

टिळकांना हे माहीत होतं. १८६१चा जन्म, १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, पुढं बरीच वर्षं अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. घर तुटण्यापर्यंत सगळं झालं. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ते सगळं आलंय, वाचलं नसेल तर आजच मिळवा. त्या काळात मंडळ्यांत इंग्रजी गाण्यांची भाषांतरं विलायती चालींवर चालायची. टिळकांनी अभंग, पदं, कीर्तन हा आपल्या मातीतला रस्ता घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. म्हणजे बघा, आज ज्याला आपण 'जुनी गाणी' म्हणतो ती एकेकाळी एकदम नवीन होती आणि कुणाच्या तरी कपाळावर आठ्या आणणारी असणार. म्हणून नवीन गाण्याशी माझं भांडण नाही. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. १९१९मध्ये ते गेले, दहा-अकरा अध्याय झाले होते. उरलेले साठहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड फारसं न बघितलेल्या बाईनं! ओव्या तिच्या कानात होत्या म्हणून ते जमलं, असं मला वाटतं.

त्याच्याही मागं जा. १६१६मध्ये गोव्यात, रायतूरला, फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. माणूस इंग्रज, पुस्तक मराठी ओव्यांचं, जवळपास अकरा हजार ओव्या. नंतर १६४९ आणि १६५४ला पुन्हा छापलं. आणि १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. आज त्या तिन्ही छापांची एकही प्रत हाती नाही. मग पुस्तक आपल्यापर्यंत आलं कसं? लोकांनी हातानं उतरवून घेतलं, घरात, देवळात वाचत-गात राहिले, आणि १९०७मध्ये मंगळूरला सलडाणा यांनी त्या हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापलं. सर्व्हर तीनदा गेला, पण बॅकअप लोकांकडे होता. सॉरी, रोजच्या कामातनं अशी उदाहरणं सुटत नाहीत.

आणि आपल्या जालन्याचं. नारायण शेषाद्री हे नाव आमच्या शब्बाथ शाळेत मी कधीच ऐकलं नाही, मोठेपणी वाचलं. ब्राह्मण घरातला मुलगा, १८४३मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, पुढं फ्री चर्चचे पाळक. निजामाच्या राज्यात, सालारजंगांच्या काळात सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. तिथं आलेल्यांत मातंग कुटुंबं पुष्कळ होती. आता हलगी, सनई कुणाची होती गावात? त्यांचीच. लग्न असो, जत्रा असो, वाजवायला हे पाहिजेत, पण देवळाच्या पायरीच्या आत नकोत. ज्यांचं वाद्य देवाला चालत होतं आणि माणूस चालत नव्हता, अशी माणसं जेव्हा पहिल्यांदा आत बसून स्वतःच्या तोंडानं गायली असतील, तेव्हा कसं वाटलं असेल? मी हे फार वेळा डोळ्यापुढं आणायचा प्रयत्न करतो. म्हणून स्टेजवर पाच जण गातायत आणि समोर दोनशे जण मोबाइलवर शूट करतायत, हे बघितलं की मला ते नुसतं आवडनिवडीचं प्रकरण वाटत नाही. आत बसून गायचा हक्क आपल्या पणजोबांनी मोठी किंमत देऊन घेतलाय. आपण तो स्पीकरला देऊन टाकतोय.

आता जरा टेक्निकल. लॉकडाउनमध्ये तुम्हीही ऑनलाइन उपासना केली असेल. एकत्र गायचा प्रयत्न केलात? कालवा झाला ना? कारण साधं आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तुम्ही माझ्यापासून १० मीटरवर बसलात तर तुमचा आवाज मला सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा मिळतो. एवढं कान चालवून घेतो. व्हिडिओ कॉलवर हाच उशीर दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज होतो. ताल धरताच येत नाही. मग काय केलं सगळ्यांनी? म्यूट. एक गाणार, बाकीचे म्यूट. लॉकडाउन संपलं, आपण हॉलमध्ये परत आलो, आणि कित्येक ठिकाणी म्यूट तसंच राहिलं. फक्त आता ते बटणानं नाही, आवाजानं होतं. स्टेजवरचा मॉनिटर आणि मेन स्पीकर इतके मोठे की शेजारच्या माणसाचा आवाज ऐकूच येत नाही. आणि माणूस शेजारच्याच्या आधारानं गातो. शेजारचा ऐकू आला नाही की तो लाजतो, मग पुटपुटतो, मग गप्प बसतो. साउंडवाल्या भावांनो, मेन दोन घर खाली घ्या, बघा काय होतं.

दुसरी गोष्ट पट्टी. रेकॉर्डवरचा गायक तरुण असतो, कमावलेला असतो, वरच्या सप्तकात जाऊन टाळ्या घेतो. आपण तीच पट्टी उचलतो. समोर पन्नाशीतला माणूस, सकाळी शेतात पाणी देऊन आलेला, त्यानं काय करायचं? मी गाणं निवडलं की त्यातला सगळ्यात वरचा सूर आधी बघतो. पेटीवर तो पांढरी दोनच्या आसपास राहिला पाहिजे, त्याच्या वर गेला की पट्टी खाली. माझ्या स्वतःच्या आवाजाला ती पट्टी अजिबात शोभत नाही, खर्जात घोगरा वाटतो. वाटू दे.

तिसरी, भाषांतर. हिलसाँगचं किंवा हिंदीतलं गाणं मराठीत आणताना चाल तशीच ठेवतात आणि शब्द कोंबतात. इंग्रजी ओळीत शेवटचा लांब, उंच सूर एखाद्या वजनदार शब्दावर येतो. मराठीत वाक्याच्या शेवटी काय येतं? 'आहे'. नाहीतर एखादा प्रत्यय. मग 'कृपेच्याऽऽऽ' असं 'च्या'वर आठ मात्रा हात वर करून उभं राहायचं. ऱ्हस्व ताणायचा, दीर्घ गिळायचा. लोक याला 'कॅची नाही' म्हणतात. खरं तर जीभच नकार देत असते. तुमच्यातलं कुणी गाणी लिहीत असेल तर आधी ओळ चालत-चालत नुसती बोलून बघा. बोलताना अडखळली तर गातानाही अडखळणार.

आणि शब्दांचं पोट. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाची नोकरी गेली, मेलवर कळवलं, दुपारपर्यंत लॅपटॉप परत. तो रविवारी आला. त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी निवडलेली पाचही गाणी विजयाची होती. शत्रू हरला, डोंगर हलला, मी जिंकलो. तो भिंतीला टेकून उभा होता. नंतर चहा पिताना म्हणाला, "दादा, माझ्यासाठी एक पण ओळ नव्हती." इकडं गावाकडं तर विचारूच नका. पाऊस दडी मारतो, कापसाचा भाव पडतो, आणि आपण रविवारी त्या माणसाला नाचायला सांगतो. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातली साधारण एक तृतीयांश रडण्याची, तक्रारीची आहेत. ८८वं उघडा. ते अंधारात संपतं, शेवटी 'पण देवा तू चांगला' असं सावरूनही घेत नाही. आणि तरी ते शास्त्रात आहे, गाण्यासाठी आहे. मला हे विश्वासाचं कमीपण वाटत नाही. देवावर भरवसा असलेला माणूसच देवाशी असं भांडू शकतो. आता आमच्या यादीत दर रविवारी निदान एक गाणं असं असतं, जे दुःखातला माणूस खोटं न बोलता म्हणू शकेल. शोधायला गेलो तर नव्या गाण्यांत असं फार सापडलं नाही, आजीच्या गाण्यांत ढिगानं सापडलं.

मंडळीत आम्ही काय बदललं ते पटकन सांगतो. महिन्याला एकच नवीन गाणं, आणि ते चारही रविवारी. तरुण पोरं कुरकुरली, बोअर होतं म्हणाली. पण तुम्ही नवीन गाणं एकदा गाऊन सोडलंत तर ते फक्त बँडला येतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक गाणं वाद्याशिवाय, पडदा बंद. ड्रमर रुसला होता, त्याला टाळ दिले. दोन महिन्यांनी म्हणाला, टाळ ड्रमपेक्षा अवघड आहेत, लपायला जागाच नाही.

आणि आता तुमच्यासाठी एक काम. हे खरंच करा, नुसतं लाइक करू नका. आपल्या जुन्या गीतपुस्तकांत शब्द आहेत, पण बऱ्याच गाण्यांवर नुसतं 'चाल: अमुक' असं लिहिलेलं असतं, आणि ते अमुक गाणं आज कुणालाच माहीत नसतं. चाल फक्त म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहे. आजीबरोबर आमच्याकडची किती गेली, मोजता येणार नाही. नाताळला गावी जाल तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन आजीपासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा, म्हणजे टेबलाची थरथर येणार नाही. आधी दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा, नंतर आवाज साफ करताना कामाला येते. मग तिला गाऊ द्या, मधे थांबवू नका, सूर चुकला तरी. गाणं झाल्यावर विचारा, ही चाल कुणाकडून शिकलीस, कुठल्या गावात. फाइलला गावाचं नाव आणि साल द्या. 'न्यू रेकॉर्डिंग १७' असलं नाव ठेवू नका. आणि एक प्रत तिच्याच घरातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवून या.

मी इथं चार दिवस आहे. काकूंची सात गाणी झालीत. आठव्याचं तिसरं कडवं त्यांना आठवत नाहीये, त्यांनी सिल्लोडला बहिणीला फोन लावलाय.